कोठीमागचा देव

८ एप्रिल

चि. सौ. दैवशाला हीस चतुराबाईचा आशीर्वाद. तुला नको असला तरी घे, मोठ्या जावेचा आहे.

माझ्या नातीचे पेढे वाटायच्या दिवशीच तुझ्या वावरात बॉम्ब निघावा, ह्याला काय म्हणावं?

आधी नातीचं सांगते. धर्मराजला पोरगी झाली. लग्नाला बारा वर्षं झाली त्याच्या. बारा वर्षं मी दुसऱ्यांची बारशी जेवले. सुनेला, तृप्तीला, माय न्हाई म्हणून बाळंतपण माझ्याच घरी. जाफराबादच्या दवाखान्यात झाली, पावणेतीन किलो भरली. नाक आपल्या सासूबाईंचं. जावळ एवढं की नर्सबाई म्हणली, हिला वेणी घालूनच घरी न्या. मी मांडीवर घेतली की माझं बोट धरते अन् सोडतच न्हाई. कोणाचंच बोट असं धरत न्हाई, मी बघितलंय.

तुला फोनवर सांगणार होते, पण लागतच न्हाई. सोनूबाईची अक्षता म्हणली, आजी, तिकून तुमचा नंबर बंद करून ठेवलाय. मी म्हणले बरं, पोस्टाची पेटी तर तिला बंद करता येत न्हाई. तू सातवी पास, मी तिसरी. चुका काढत बसू नको.

तर मी पाच किलो पेढे आणवले. बद्रीनाथअण्णा पारावरून म्हणतात, "वहिनी, पोरीला जिलबी वाटतात." मी म्हणले, "अण्णा, ज्यांच्या घरी पोरं ढिगानं होतात त्यांनी वाटावी जिलबी. माझ्या घरी पेढेच." तुझ्या नातवाच्या, बबलूच्या वेळेस तू अर्ध्या गावाला दिले होते, मी मोजलं होतं. मी अख्ख्या गावाला द्यायचे ठरवले. नवं लुगडं नेसले, ताट घेतलं, तिसऱ्या घराला पोचले न पोचले तर पळापळ. "दैवशालाच्या वावरात बॉम्ब निघाला!" सोनूबाईच्या हातात पेढा होता, ती तसाच मुठीत धरून पळाली. मी गल्लीत एकटी, ताट घेऊन उभी.

तुझ्या लेकानं, राधेश्यामनं, शेततळं खोदायला जेसीबी लावल्ता ना, त्याच्या दातात आला म्हणे. लांबोडका, गंजलेला, दुधी भोपळ्याएवढा. जेसीबीवाल्यानं मशीन चालूच ठेवली अन् उडी मारून पळाला तो पार पाझर तलावावर जाऊन थांबला. मंग पोलीस आले, तहसीलचे आले, दोरी बांधली. अण्णा सांगून राह्यले की टेकडीपल्याड फार मागं पलटणीची चांदमारी होती. तोफा तिकून मारायच्या, गोळे आपल्या माळावर पडायचे. फुटले ते फुटले, न फुटलेले मातीत रुतून बसले. कोणाची पलटण, निजामाची का इंग्रजाची, ह्यावर पारावर दोन दिवस भांडण चालू आहे.

पण नाव बघ. तू जालन्याला जाऊन बसलीस, नऊ वर्षांत ह्यांच्या दहाव्याला सोडून गावाचं तोंड बघितलं न्हाईस, तरी सगळ्यांच्या तोंडी दैवशालाचं वावर, दैवशालाचं वावर. माझे चार किलो पेढे उरले. दोन दिवसांनी घरोघर दिले तर लोक पेढा खाता खाता मलाच विचारतात, दैवशालाला कळवलं का?

भाऊजींचा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान गरम करून बांधत जा.

चतुराबाई

अजून एक. तुझ्या बांधावरच्या देवाचं कोणी तुला विचारलं तर काय सांगणार आहेस ते कळव. मी कोणाला काही बोलले न्हाई.


१६ एप्रिल

दैवशाला,

तुझं उत्तर न्हाई. मी वाट बघितली असं समजू नको.

बॉम्बवाल्यांची तुकडी आली आहे, शाळेत उतरली. त्यांची मुख्य एक मॅडम आहे, निवेदिता नावाची. पोरीएवढी पोर, पण बोलली की मोठाले गडी गप बसतात. ते लोक वावरात दोऱ्या ताणून पट्टे पाडतात, आपण भुईमुगाला सरी पाडतो तसे. मंग एक जण कानाला डबे लावून, हातात ताटलीसारखं यंत्र धरून, त्या पट्ट्यातून असा चालतो जसा काही झोपलेल्या लेकराशेजारून. यंत्र वाजलं की लाल झेंडी. मंग दुसरा पोटावर पडून सळईनं तिरकं तिरकं टोचून बघतो, हातानं माती काढतो. दिवसभरात चार पट्टे होतात. मी म्हणले मॅडम, ह्या हिशेबानं पेरणी दिवाळीला होईल. ती हसली. हसताना चांगली दिसते.

आता झेंड्या मोज. तुझ्या माझ्या वावरात एकच बांध. वाटणी झाली तेव्हा तू म्हणलीस दोन्ही वावरं सारखी. सारखी कशी? तुझ्यात एकतीस झेंड्या, माझ्यात तीन! जाफराबादहून पेपरवाला आला तो तुझ्या वावरापुढं उभा राहून फोटो काढून गेला. मी बांधावर उभी होते, मला म्हणला, आजी, जरा बाजूला व्हा, झेंड्या झाकून राह्यल्या. एकतीस लाल झेंड्या वाऱ्यावर हलतात तेव्हा जत्रा भरल्यासारखं वाटतं. माझ्या तीन दुरून दिसतसुद्धा न्हाईत.

अन् तिन्हीत काय निघालं? पहिलीखाली नांगराचा फाळ. दुसरीखाली बैलाचे नाल. तिसरीखाली, दैवशाला, विळा. मूठ मातीनं खाल्ली, पण पात्यावर लोहारानं मारलेले दोन ठिपके तसेच. माझा विळा. तुझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या सुगीत हरवला होता. मी म्हणले होते तू माहेरी नेलास, अन् पुरं एक वर्ष तुझ्याशी धड बोलले न्हाई. तो माझ्याच वावरात, मीच टाकलेला. मॅडमनं हातावर ठेवला, "तुमचा आहे का, आजी?" मी म्हणले न्हाई. एवढ्या लोकांपुढं कशाला. पण तुला सांगते. तू नेला नव्हतास. झालं, सांगितलं.

बद्रीनाथअण्णांना गप बसवत न्हाई. त्यांनी मॅडमला आपल्या देवाचं सांगितलं. की मामंजी नांगरत होते तेव्हा फाळाला अडकून वर आला, बोटभर मातीत बुडालेला काळा गुळगुळीत. मामंजींनी शेंदूर लावला, बांधावर बसवला. लोक म्हणायचे म्हसोबा. दर साली पेरणीआधी त्याच्या डोक्यावर नारळ फुटायचा. वाटणीत तो बांध तुझ्याकडं आला, देव तुझा झाला, अन् दोन वर्षांनी तो जागेवरून गेला. मॅडमनं लिहून घेतलं. मला विचारलं, "आजी, तो देव दगडाचा होता का लोखंडाचा?" मी म्हणले, देवाला कोण खाजवून बघतं?

दैवशाला, तुला काही आठवतं का? नारळ आदळला की आवाज कसा यायचा? दगडासारखा का घंटेसारखा? तू फोडायचीस, तुला ठाव असेल. मला उगाच आठवून राह्यलं.

पोरगी मजेत. ज्वारीच्या कोठीच्या खोलीत ठेवलं आहे दोघींना. तिथं वाऱ्याची झुळूक येत न्हाई, बाळंतिणीला बरं. खाटेखाली शेकाची शेगडी सकाळ संध्याकाळ. तृप्ती घामानं भिजून जाते, म्हणते, "आत्याबाई, एप्रिल आहे हो." मी म्हणले, कंबर जन्माची आहे, एप्रिल महिन्याचा. काल पोरगी झोपेत हसली. सटवाई हसवते म्हणतात. मला तर वाटतं मला बघून हसली.

चतुराबाई


२१ एप्रिल

दैवशाला,

आज दुपारी मॅडमनं शाळेच्या पटांगणात गाव गोळा केलं. मोठाले रंगीत फोटो लावले. म्हणली, असं काही तुमच्या घरात, गोठ्यात, कुठं असेल तर हात लावू नका, हलवू नका, घासू नका, त्याच्याजवळ जाळ करू नका. येऊन मला सांगा. कोणावर केस न्हाई, कोणाला दंड न्हाई. सत्तर ऐंशी वर्षं झाली तरी आतली दारू जिवंत असते, म्हातारी झाली की उलट जास्त चिडते.

तिथं काय काय निघालं म्हणून सांगू! एकाच्या गोठ्यात खुंटा ठोकायला, एकाच्या दारात पायरीला. सोनूबाईकडं तर दरवाजा वाऱ्यानं आपटू नये म्हणून वीस वर्षं लावलेला. ती तर जागीच बसली. "अगं माय, मी रोज पायानं सरकवते त्याला!" मॅडमचे लोक जाऊन बघून आले. ती नुसती रिकामी खोळ निघाली. लोक हसून हसून लोळले. सोनूबाईचं आता सगळ्या गावात नाव झालं.

मी हसले न्हाई. मी चौथा फोटो बघत होते. टोकाला निमुळता, बुडाला सपाट, अन् बुडाच्या वर दोन बोटांवर पितळी पट्टा. मॅडम म्हणली, तो पट्टा असला तर समजा तोफेचा गोळा. शेंदूर, रंग, काही लावलेलं असलं तरी बोटाला तो पट्टा लागतो.

लागतो. बोटाला लागतो.

मी घरी आले. आधी शेगडी उचलून अंगणात नेऊन तिच्यावर घागर ओतली. मंग पाळणा ओढत ओसरीवर आणला. तृप्ती खाटेवर उठून बसली. "आत्याबाई, काय झालं?" मी म्हणले उकाडा फार. ती म्हणते, "बारा दिवस म्हणत होते तर तुम्ही ऐकलं न्हाई." मी म्हणले, आता ऐकलं ना, चल बाहेर. "अहो पण वारं लागंल म्हणल्या होता." लागू दे वारं. धर्मराज वावरातून आला तर त्यालाही समजंना. म्हणला, माय, तुझं डोस्कं उन्हानं फिरलं. मी त्याला कोठीच्या खोलीला कुलूप घालायला सांगितलं अन् चावी कनवटीला लावली. उंदीर झालेत म्हणले.

अन् मंग तुझा राधेश्याम आला. सुट्टी काढून आला आहे वावरासाठी. अंगणात उभ्या उभ्या बोलला, तुझ्यासारखाच, बसला न्हाई. म्हणला, "मोठी माय, मॅडम म्हणते बाकीचं वावर मोकळं होऊन राह्यलं, पण बांधावरून गेलेला तो एक गोळा सापडत न्हाई तोवर कागद देता येत न्हाई. कोणी तिथंच पुरला असेल तर? नांगर घालता येणार न्हाई. औंदा पेरणी न्हाई. पुढच्या साली बी सांगता येत न्हाई." मी म्हणले असं का. तो म्हणला, "आई म्हणते तुम्हाला विचारायचं न्हाई. म्हणून मी विचारत न्हाई, नुसतं सांगून राह्यलो." मंग पाळण्यात वाकून बघितलं त्यानं. म्हणला, "आजीच्या नाकाची आहे." खिशातून शंभराची नोट काढून तिच्या मुठीत दिली. पोरीनं त्याचं बोट धरलं. तसंच धरलं, माझं धरते तसं.

तुला आठवतं, मी महादेवाच्या पायरीवर धर्मराजच्या डोक्यावर हात ठेवून तुझ्यापुढं शपथ घेतल्ती? तू म्हणलीस, मोठ्या बाई, देव तुम्ही नेला. मी म्हणले, नेला असेल तर माझ्या लेकाचा वंश

आज हात चालत न्हाई. उद्या लिहिते.


२२ एप्रिल, सकाळी

दैवशाला, देव मीच नेला.

आता सगळं एका दमात लिहिते, मधी उठले तर पुन्हा बसणार न्हाई.

वाटणी झाली तेव्हा मला वाटलं, बांध तिकडं गेला तर गेला, काय फरक पडतो. पण पहिल्याच साली तुझी कपाशीची पराटी माझ्याहून हातभर उंच. एकच बियाणं, एकाच दिवशी लावलेलं, मधी एक बांध. दुसऱ्या साली राधेश्यामला बबलू झाला, लग्नाला वर्ष व्हायच्या आत. धर्मराजचं लग्न त्याच्या आधीचं, अन् माझी तृप्ती दर महिन्याला मोरीत जाऊन रडायची. मी दाराबाहेर उभी राहून ऐकायची. तू बबलूला काखेत घेऊन बांधावर जायचीस, देवाला नमस्कार घालायला लावायचीस, त्याच्या कपाळाला शेंदूर लावायचीस. ते मी माझ्या वावरातून बघायची. खुरपं हातात तसंच राहायचं. मला तुझी पराटी नको होती. तुझं घर नको होतं. मला वाटायचं, हा देव फक्त तुझ्याच बाजूला तोंड करून बसला आहे.

भर दुपारी नेला. तुम्ही सगळे आंब्याखाली भाकरी खात होतात. शेणाची पाटी घेऊन गेले, देव उचलला, वरून शेण थापलं. वरवंट्याहून जड, पाट्याहून हलका. डोक्यावर घेतला अन् तुमच्यापुढून चालत आले. तूच म्हणलीस, "मोठ्या बाई, बसा, दोन घास खा." मी म्हणले, शेण वाळतं.

कोठीच्या मागं भिंतीत खाली कोनाडा आहे, मामंजींच्या वेळेस अफूची डबी ठेवायचे तिथं. तिथं बसवला. ह्यांनाही सांगितलं न्हाई. हे गेले तरी त्यांना ठाव नव्हतं. तू ह्यांच्या दहाव्याला आलीस, ओट्यावर दहा मिनिटं बसलीस, पाण्याला हात न लावता गेलीस. त्या ओट्याच्या मागच्या भिंतीलाच तुझा देव होता.

नऊ वर्षं दर अमावास्येला मी कोठीमागं वाकून बसले. गुडघे गेले ते त्यानंच. तेल, शेंदूर, एक पणती. पणती, दैवशाला! त्याच्या पायाशी. म्हणायची, तिला दिलंस तसं मला दे. तिला जास्त दिलंस, माझं दे. दिलं न्हाई. मला वाटायचं माझी शपथ आडवी आली. मीच माझ्या लेकाच्या डोक्यावर हात ठेवून बोलले होते, मंग तो काय करणार. पण सांगायला तोंड उघडलं न्हाई. तुला सांगितलं असतं तर तू देव परत नेला असतास, अन् मंग कोणापुढं बसले असते?

अन् आता पोरगी झाली. मला वाटलं, पावला बाई एकदाचा. म्हणून हट्टानं त्याच खोलीत बाळंतीण ठेवली. वाऱ्याचं निमित्त. मनात होतं की त्यानं दिली, त्याच्या नजरेखाली राहू दे. कोठीच्या अलीकडं पाळणा, पलीकडं तो, खाटेखाली निखारे. बारा दिवस.

काल फोटो बघितला तेव्हापासून माझ्या डोळ्यापुढं तेच आहे.

तुला आधी सांगायचं म्हणून हे लिहिलं. तुझी चोरी, तर तुला आधी. पण हे तुला पोचायला चार दिवस लागतील अन् तो घरात आहे. तृप्तीला अन् पोरीला पहाटेच सोनूबाईकडं धाडलं. सोनूबाई म्हणली, का गं? मी म्हणले, तुझ्याकडचा रिकामा होता म्हणून. तिला कळलं न्हाई. आता पेटीत हे टाकते अन् तशीच शाळेत जाते. मॅडमला सांगते. मंग राधेश्यामला. मंग धर्मराजला. धर्मराजला सांगायचं सगळ्यात जड जाणार आहे, कारण डोकं त्याचं होतं.

वाच अन् फाडून टाक. बबलूच्या हाती लागू देऊ नको. त्याला मी अजून मोठी आजी आहे.

चतुराबाई


२६ एप्रिल

दैवशाला,

तुझ्या डोळ्यापुढंच झालं, तरी लिहिते. तू मागच्या बाजूला उभी होतीस, अन् आधीचं तुला ठाव न्हाई.

मॅडमला सांगितलं तेव्हा ती रागावली न्हाई. आधी एवढंच विचारलं, "आजी, आत्ता घरात कोण आहे?" मी म्हणले, कोणी न्हाई, आम्ही सगळे बाहेर. तिनं असा श्वास सोडला की मला वाटलं ही पोर रडते की काय. मंग घटकेत अर्धी गल्ली रिकामी केली. म्हशीसुद्धा सोडल्या. ती स्वतः आत गेली, पोटावर पडून कोठीखालून बघितलं म्हणे, मंग कोठीतली ज्वारी पोत्यात काढून कोठी सरकवली. बाहेर आल्यावर म्हणली, "आजी, शेंदूर किती लावला हो? डोक्यावर बोटभर थर आहे. बरं झालं, कोणी खरवडला न्हाई."

मी म्हणले, आता काय करता त्याचं?

"फोडावा लागेल."

मी म्हणले, देव आहे तो.

"आजी, तो देव नाही."

मी म्हणले, पोरी, तू शिकलेली, तुझं खरं. पण माझं ऐक. त्याच्या डोक्यावर वीस पंचवीस नारळ फुटले. मी त्याला पाटीत घालून गावातून मिरवला. नऊ वर्षं त्याच्या पायाशी दिवा लावला, बारा दिवस शेगडी पेटवली, शेजारी नात झोपवली. अन् तो न फुटता बसला. ह्याहून जास्त देवानं काय करायचं असतं?

ती म्हणली, नेण्याआधी लांबून हात जोडायचे तर जोडा. दारातून जोडले.

धर्मराज दोन दिवस माझ्याशी बोलला न्हाई. काल ताट वाढलं तर मुकाट्यानं जेवला, अन् उठताना म्हणला, "माय, तू माझ्या डोक्यावर हात ठेवल्ता ते मला ठाव होतं. चोरी केली हे ठाव नव्हतं." अन् हात धुवायला गेला. तृप्ती मात्र बोलली. म्हणली, "आत्याबाई, एवढं माझ्यासाठी केलं, अन् मला एकदा तरी सांगायचं. मी बी बसले असते ना वाकून." वेडी आहे.

आता परवाचं. त्याला वाळूच्या पेटीत घालून, गाडीवर, पायी चालल्यासारखी गाडी चालवत वावराकडं नेलं. मी मॅडमच्या मागं लागले होते, खड्डा माझ्या वावरात खोदा. नऊ वर्षं माझ्या घरात राह्यला, आता माझ्या मातीत जाऊ द्या. ती म्हणली, शेततळ्याचा खड्डा आयता आहे, आजी, खोल आहे. म्हणजे शेवटी तुझ्याच वावरात गेला. मला वाटलंच होतं.

सगळं गाव तलावाच्या बांधापल्याड दोरीमागं. अन् तिथं तू. राधेश्यामच्या फोनवर निघालीस म्हणे, भोकरदनवरून जीपनं. माझं पत्र मिळालं नसेल तेव्हा, माझ्या आधी त्याचा फोन पोचला. केस पांढरे झालेत तुझे. माझे कधीचे झाले, पण तुझे दाट आहेत अजून. तू सगळ्यांशी बोललीस, सोनूबाईच्या गळ्यात पडलीस. माझ्याजवळ आलीस अन् समोर बघत उभी राह्यलीस. मला वाटलं, आता गावादेखत काढते माझी. मी तयार होते.

तू एवढंच विचारलंस, "नारळ त्याच्या डोक्यावर फोडायच्या का तुम्ही, मोठ्या बाई?"

मी म्हणले, न्हाई. आवाज होईल म्हणून मोरीच्या दगडावर फोडायची अन् पाणी तेवढं त्याला दाखवायची.

तू म्हणलीस, "मंग बरं."

बस. नऊ वर्षांनी तू माझ्याशी दोन वाक्यं बोललीस, अन् त्यातलं एक मी मेले असते का ह्याचं होतं.

अन् मंग तो वाजला. आधी जमीन हलली, मंग आवाज आला, मंग माती वर गेली ती चिंचेच्या झाडाएवढी. पाखरं उठली. कोणाच्या तरी म्हशी पळाल्या. मामंजींचा हात आठवला मला, शेंदूर लावतानाचा. अन् माझ्या काखेतली पोरगी दचकून अशी रडायला लागली की श्वास कोंडला तिचा. मी हलवलं, थोपटलं, पदराखाली घेतलं, बोट दिलं. बोट धरंना. तृप्ती धावत आली, तिच्याकडंही गप होईना. अन् तू काही न विचारता हात पुढं केलेस, उचललंस, खांद्यावर टाकलंस, पाठीवर दोन थापा दिल्यास.

गप झाली.

लगेच. तुझ्या खांद्यावर गाल टेकवून डोळे मिटून घेतले. अन् तुझ्या लुगड्याचा काठ मुठीत धरला.

खरं सांगू, दैवशाला? चोरी कबूल केली तेव्हा मला हलकं वाटलं होतं. ते सगळं त्या क्षणाला गेलं. माझ्या जिवाची अशी आग झाली, पराटी बघून झाली नव्हती तेवढी. वावर तुझं, झेंड्या तुझ्या, खड्डा तुझा, आता नात पण? बारा वर्षं मी वाट बघितली अन् गप तुझ्याकडं! मी हात पुढं केले होते परत घ्यायला. पण तू डोळे मिटले होतेस, हलत होतीस, अन् तुझा गाल तिच्या जावळावर होता. अन् मला दिसलं की तू रडून राह्यलीस. मी हात मागं घेतले. का ते मला आत्ताही सांगता येत न्हाई.

मंग तू तिला तृप्तीकडं दिलंस अन् मला काही न बोलता राधेश्यामच्या गाडीवर बसून गेलीस.

मॅडम काल गेली. जाताना दोन कागद देऊन गेली, एक तुझ्या वावराचा, एक माझ्या. मोकळं म्हणून. राधेश्याम म्हणतो, खड्डा एवढा झाला की जेसीबीचे दोन दिवस वाचले. बघ. तुझं कसंही चांगलंच होतं.

बारसं पुढच्या रविवारी ठरवलं आहे. पाळण्याच्या अलीकडं मी उभी राहीन, पलीकडं कोणीतरी लागतं, खालून पोर घ्यायला अन् वरून द्यायला. सोनूबाई तयार आहे. पण तिचे हात गार असतात. माझ्या पोरीला गार हात आवडत न्हाईत.

तुझे हात गरम आहेत. म्हणून गप झाली असणार ती, दुसरं काही न्हाई.

तर ये. खालून तू घे, वर मी घेईन. अन् एक आत्ताच सांगून ठेवते. तीन वेळा पाळण्याखालून झालं की चौथ्यांदा धरून बसायचं न्हाई. माझ्याकडं द्यायची.

तुझी मोठी जाऊ,
चतुराबाई

विळ्याला नवी मूठ बसवून घेतली. आलीस की घेऊन जा. पुऱ्या वर्षाचा अबोला तू भोगलास, तर तो तुझाच.